पिठातलं पाऊल

टेपाच्या वाडीत आजवर एकही खून झालेला नाही, आणि या बाबतीत वाडीनं आपल्याला फसवलं असं जनाला मनापासून वाटायचं. सिद्धगडाच्या पायथ्याची छत्तीस उंबऱ्यांची वाडी. भांडणं म्हणाल तर बांधापायी, बोरीपायी, शेजारच्या चुलीच्या धुरापायी. शिव्या म्हणाल तर वहीत उतरवून घ्याव्यात अशा. पण खून नाही. माणसं आपली म्हातारी व्हायची, खोकायची, महिनाभर आधी सगळ्यांना सांगून ठेवायची आणि मरायची. यात तपास तो काय करायचा, सांगा!

जना उंबरमाळीची माहेरवाशीण. नवरा शाम वनखात्याच्या रोपवाटिकेत रोपांना पाणी घालायचा, आणि रोपांच्या संगतीत राहून रोपांइतकंच बोलायचा. दोन मुली सासरी गेलेल्या. भात, नाचणी, परसातली वांगी, धसईचा बाजार, असं सरळ आयुष्य चाललं होतं. त्यात चौऱ्याण्णव साली ‘माग’ नावाची मालिका शिरली.

‘माग’ दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला लागायची. त्यातले इन्स्पेक्टर हळदणकर हे अंगानं काटकुळे, मिशी नावापुरती, पण नजर अशी की भिंतीनं गुन्हा कबूल करावा. खून झालेल्या खोलीत शिरले की आधी ओरडायचे, ‘कुणी हात लावू नका!’ आणि मग सगळ्यांचे पाय बघायचे. तोंडाला खोटं शिकवता येतं, पायाला नाही, असं त्यांचं मत. ते मत जनानं देवघरातल्या टाकासारखं मनात बसवून घेतलं. तेव्हापासून घरी पाव्हणे आले की ती खाली मान घालून त्यांच्या पायांकडे बघत बसायची. पाव्हणे गावी जाऊन सांगायचे, ‘काय मर्यादशील बाई हो!’

वाडीनं खून दिला नाही तरी बारीकसारीक कामं दिली. सोमानानाची कुदळ चोरीला गेली, ती जनानं दीड दिवसात शोधून काढली. चोर सोमानाना स्वतः, बांधावर विसरून आलेला. मंगळीच्या कोंबड्यांची अंडी नाहीशी व्हायला लागली. जनानं चार दिवस पाळत ठेवून दाखवून दिलं की मंगळीची सासूच पदराखालून ती लेकीकडे पोचवते. केस सुटली. फक्त मंगळी आणि तिची सासू सहा महिने एकमेकींशी बोलल्या नाहीत. हळदणकर साहेबांकडे असली भानगड नसायची. तिथं आरोपीला जीपमध्ये बसवलं की पडद्यावर नावं वर सरकायला लागतात. वाडीत नावं सरकत नाहीत, दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर त्याच बाया भेटतात. पण हा फरक जनाच्या तेव्हा ध्यानात आला नाही.

वाडीतला पहिला टीव्ही दामूचा. दामू हा शामचा धाकटा चुलतभाऊ, मुरबाडच्या एका कारखान्यात मशीनवर होता. वाडीत वीज नव्हती तेव्हा तो दर गुरुवारी टीव्हीची बॅटरी घेऊन एस्टीनं धसईला जायचा आणि भरून आणायचा. आजारी पोराला दवाखान्यात न्यावं तशी मांडीवर धरून. पुढं वीज आली, मग भारनियमन आलं, आणि बॅटरी पुन्हा एस्टीत बसली. पण दहा वर्षांत एक शुक्रवार चुकला नाही.

पडवीत सगळी वाडी बसायची, पण खरा सामना जना आणि दामूचा. पहिली जाहिरात लागायच्या आत दोघांनी खुनी कोण ते सांगायचं. दामूचा हिशोब सोपा.

“वैनी, ज्याच्या घरात जिना हाय तोच खुनी. जिना बांधायला पैसा आला कुठून?”

“भावजी, पाय बघा त्या माळ्याचे. पावसात भिजला म्हनतो आनि वहाना कोरड्या?”

माळीच निघायचा. मग दामू कपाळावर हात मारून म्हणायचा, “मानलं वैनी, मानलं!” आणि ते ऐकलं की जनाचा पुढचा आठवडा तरंगत जायचा. दामूची बायको गोजर त्या वेळी आत चुलीपुढं, टीव्हीकडे पाठ करून भाकऱ्या थापत असायची. तिला या सगळ्यातलं काही कळत नाही, असा जनाचा पक्का समज होता. गोजर तिची चुलतजाऊ, सख्ख्या बहिणीहून जवळची, पण तपासाच्या कामात अगदीच कच्ची!

आणि दोन हजार चारच्या पौषात, बावन्नाव्या वर्षी, दामू गेला. छातीत कळ आली आणि जीप धसईला पोचायच्या आतच संपलं. कुणाला आधी सांगितलं नाही, काही नाही. वाडीत असं मरायची पद्धत नव्हती.

वाडीची रीत अशी, की माणूस जिथं ठेवलेला होता ती जागा तिसऱ्या दिवशी शेणानं सारवतात, तिच्यावर तांदळाचं पीठ चाळून पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. दिव्याला वारा मिळावा म्हणून टोपली तीन दगडांवर जरा उचललेली असते. दार आतून लावून बाया तिथंच निजतात. सकाळी टोपली उचलून पिठात कशाचं पाऊल उठलं ते बघायचं. पाखराचं उठलं तर जीव सुटला. गुराचं उठलं तर पुन्हा मानेवर जू. माणसाचं उठलं तर घरातच घोटाळतोय. आणि काहीच उठलं नाही तर? त्याबद्दल मोठ्यानं कुणी बोलत नाही. हळू आवाजात मात्र वर्षानुवर्षं बोलतात.

चौथ्या दिवशी उजाडताना सगळे जमले. वाडीतला सगळ्यांत वडीलधारा माणूस म्हणजे भगीरथबाबा. त्यांनी हात जोडले आणि टोपली उचलली. पिठात स्वच्छ ठसा होता, पुढं तीन बोटं, मागं एक.

“पाखरू!” बाबा म्हणाले. “सुटला रे दामू!”

बायांनी डोळ्यांना पदर लावले. गोजरनं तीन दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. “उडून गेले,” ती म्हणाली आणि हसल्यासारखं तोंड केलं.

जनानं इथं गप्प बसायला हवं होतं. रडायला हवं होतं, गोजरचा हात धरायला हवा होता. वाडीतल्या कुणाही शहाण्या बाईनं तेच केलं असतं. पण पुढ्यात खोली, खोलीत मयताची जागा, जागेवर ठसा! दहा वर्षं ज्या क्षणासाठी नजर घासून ठेवली तो असा समोर आला, आणि जनाचं तोंड जनाला न विचारता उघडलं.

“कुनी हात लावू नका!”

ती उकिडवी बसली. दिवा जवळ ओढला. “हे उडतं पाखरू नाय. बोटं बघा, जाड हायेत. नखं झिजलेली, उकरून उकरून. मधलं बोट डावीकडं वाकडं. हे मंगळीच्या तांबड्या तलंगीचं पाऊल हाय. दाराच्या फटीतून आत आली, पिठाला चोच मारली नि गेली. हे बघा चोचीचे टिपके!”

आणि तिनं मान वळवली. डावीकडे, उघड्या दारातून दिसणाऱ्या पडवीतल्या खांबाकडे. दामू बसायचा तिथं. ‘मानलं वैनी’ ऐकायला.

खांबापाशी कुणी नव्हतं.

गोजरच्या तोंडावरचं ते हसू जसं आलं होतं तसं गेलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “म्हंजे दामू काय कोंबडी झाला?” आणि दुसऱ्या कुणाला तरी हसू आवरलं नाही.

संध्याकाळपर्यंत पोरं मंगळीच्या तलंगीला दामूकाका म्हणायला लागली. “दामूकाका उकिरड्यावर गेला!” “दामूकाका अंगणात हागला!” दोन दिवसांत ही गोष्ट धसईच्या बाजारात पोचली. कारखान्यात बावीस वर्षं इमानानं राबलेला, एका बॅटरीवर सगळ्या वाडीला टीव्ही दाखवणारा माणूस. त्याच्या नावानं आता बाजारात अंड्यांचे विनोद चालले होते. आणि हे सगळं एका हुशार बाईच्या तोंडामुळे.

तलंगी अंगणातून गेली की जना आत जायची. तलंगी बिचारी मान वाकडी करून एका डोळ्यानं बघायची, कोंबड्या बघतातच तशा, पण जनाला वाटायचं, चौकशी चालली आहे. विहिरीवर गोजर भेटली तर गोजर हंडा भरायची आणि निघून जायची. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण जनाला येत होतं.

त्यानंतर चौथ्या रोजी तिनं शामला विचारलं, “अवो, माझं काय चुकलं? कोंबडीचंच पाऊल व्हतं ना ते?”

शामनं बिडी विझवली. “व्हतं,” तो म्हणाला.

“मग?”

“मग काय? कोंबडीचंच व्हतं.”

आणि झोपला. जनानं त्या एका शब्दाला सगळीकडून चाचपून बघितलं, पण तिला त्यात सुटका काही सापडली नाही. शुक्रवार आला. गोजरच्या पडवीत टीव्हीवर टॉवेल टाकलेला होता. जनाला पहिल्यांदाच प्रश्न पडला, की हळदणकर साहेब जीप घेऊन निघून गेल्यावर त्या घरातली माणसं जेवायला काय करत असतील?

शेवटी ती मंगळीकडे गेली.

“ये हवालदारीन,” मंगळी म्हणाली. “आता कोनाची अंडी धरायला आलीस?”

“मंगळे, मला खोटं बोलायचंय.”

मंगळीनं सूप खाली ठेवलं. “अंड्यांच्या टायमाला लई खरं बोललीस गो. माझी सासू मरंपत्तुर माझ्याशी नीट बोलली नाय. आनि आता खोटं बोलायचं तर मी आठवले?”

“चुकलं गो माझं. तवाचं बी आनि आताचं बी.”

हे ऐकून मंगळी जरा नरमली, आणि खरं सांगायचं तर तिलाही गरज होती. “माझं बी काय कमी हाल नायत. परवा जावई आलेला. ती तलंगी कापायला घेतली तर सून हात लावंना. म्हनते, आत्या, मी नाय कापायची, चुलतसासरा लागतो माझा! शेवटी जावयाला पापड घातला.”

मंगळीकडे त्याच उबवणीची दुसरी तांबडी तलंगी होती. रंग तोच, डौल तोच, फक्त बोट सरळ. ठरलं असं, की वाकड्या बोटाची तलंगी मंगळीनं गुपचूप भावाच्या घरी नेऊन ठेवायची आणि सरळ बोटाची जनाच्या हवाली करायची. पुरावा बदलायचा! हळदणकरांच्या मालिकेत हे काम करणारी माणसं काळा चष्मा लावतात. जनाकडे चष्मा नव्हता. तिनं पदर पुढं ओढला.

बाराव्याचं जेवण झालं. पंगती उठल्या, पान-सुपारी फिरली. सगळी वाडी अंगणात असताना जना कोंबडी काखेत घेऊन पुढं आली. दुसऱ्या हातात पिठाचं ताट.

“ऐका,” ती म्हणाली. “मी त्या दिशी जे बोलले त्याची मी फेरतपासनी केली. ही ती तलंगी. आता बघा.”

तिनं पीठ जमिनीवर पसरलं आणि कोंबडी त्यावर सोडली. कोंबडीनं दोन पावलं टाकली, पिठाला चोच मारली, आणि आपलं काम झालं असं समजून बसकण मारली. जनानं तिला उचललं. “भगीरथबाबा, बोट बघा. सरळ हाय. त्या दिशीचं वाकडं व्हतं. म्हंजे ते पाऊल हिचं नव्हतंच. मी चुकले. पाखरूच व्हतं ते, उडतं.”

भगीरथबाबांना चष्म्याशिवाय बोटच काय, कोंबडीही नीट दिसत नव्हती. त्यांनी वाकून बराच वेळ बघितलं. “येगळं हाय बा हे,” ते म्हणाले. “ते व्हल्या पाखराचं व्हतं. मी तवाच वळखलेलं.”

मग वाडी हसली. पोट धरून हसली. “हवालदारीन सस्पेंड!” “साहेबाची बदली गडचिरोलीला!” “कोंबडीला चौकशीला आनली नि कोंबडी सुटली रे!” इतकी वर्षं जना कधी चुकली नव्हती, आणि न चुकणाऱ्या माणसाचं चुकणं म्हणजे वाडीला दिवाळी. दामूवरचं हसू उठलं आणि जनावर येऊन बसलं. हेच तर तिला हवं होतं. फक्त ते इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. तीही थोडं हसली आणि कोंबडी काखेत धरून उभी राहिली. गोजर ओट्यावर होती. ती हसली नाही.

सगळे पांगल्यावर जना मागच्या दारी भांडी घासायला बसली. गोजर राखेची टोपली घेऊन आली आणि शेजारी टेकली.

“दुसरी आनलीस,” गोजर म्हणाली.

जनानं घासलेलंच ताट पुन्हा घासायला घेतलं.

“मंगळीच्या दोघी तलंग्या मी रोज बघते, जने. एकीचं बोट वाकडं, एकीचं सरळ. मला काय दिसत नाय?”

“गोजरे, मी…”

“आनि दहा वर्सं ती मालिका मी बी ऐकते. भाकऱ्या थापताना कान बंद नसतात.” गोजरनं पातेलं पुढं ओढलं. “त्या दिशी म्हनलीस, फटीतून आली. दाराला आतून कडी व्हती, मीच लावलेली. त्या फटीतून मुंगी येती. कोंबडी आली कुठून?”

“कुठून?” जनानं विचारलं.

“मी आनली,” गोजर म्हणाली. “बाया घोरत व्हत्या. पहाटं बाहेर गेले, ती खुराड्यावर बसलेली. पदराखाली घेतली, पिठावर टेकवली, परत नेऊन ठेवली. काळोखात बोट कोन बघतं?”

“पन का गो?”

“पीठ कोरं व्हतं.” गोजरनं पातेल्याला राख लावली. “माझ्या सासूच्या टायमाला बी कोरं रायलेलं. बारा वर्सं बोलले लोक. म्हातारी अडकली, म्हातारी घोटाळती, ह्यांच्या घरात कायतरी हाय. त्यांनी मरंपत्तुर ऐकलं ते. कुनी बोललं की गप घरी येऊन बसायचे. त्यांच्या मागं तसं नको म्हटलं. एक पाखरू दिलं असतं मी त्यांना.”

त्या क्षणी, देव तिला क्षमा करो, जनाच्या मनात पहिला विचार आला तो असा: कडी! कडी कशी नाही बघितली! आणि मग त्या विचाराचीच तिला अशी लाज वाटली की तिनं राखेचा हात तसाच तोंडावर घेतला. सगळ्या वाडीदेखत तिनं कोंबडी पकडली होती, आणि शेजारी बसलेली गोजर तिला दिसली नव्हती.

“मला मार गो,” जना म्हणाली.

“भांडी घास,” गोजर म्हणाली. घासलेलं पातेलं पालथं घालून म्हणाली, “तुझं बरोबर व्हतं. पन तुला इचारलं कुनी व्हतं?”

पातेल्यांना त्या दिवशी कधी नव्हे इतकी चकाकी आली.

गोजरनं माफ केलं असं काही म्हटलं नाही. ती विहिरीवर बोलायला लागली, पाण्याविषयी, उन्हाविषयी. चैत्रातल्या एका शुक्रवारी पडवीतून आवाज आला. टॉवेल काढलेला होता, दार उघडं होतं. कुणी बोलावलं नव्हतं. जना उंबऱ्यापाशी बराच वेळ उभी राहिली आणि मग खांबाची जागा सोडून भिंतीला टेकून बसली. गोजर आज चुलीपुढं नव्हती, टीव्हीसमोर पाय पसरून बसली होती.

खून एका डॉक्टरच्या बंगल्यात झाला होता. डॉक्टर, त्याचा पुतण्या आणि एक कंपाउंडर. कंपाउंडर म्हणत होता, मी दवाखान्यातून हललोच नाही, आणि त्याच्या बुटांना बागेतली लाल माती होती. जनानं ती बघितली. तिचे डोळे आपोआप तिथं गेले, तिला अडवता आले नाहीत. पाच मिनिटांत केस तिच्यापुरती मिटली.

“कोन वाटतं गो तुला?” पडद्यावरची नजर न काढता गोजरनं विचारलं.

जनानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“काय कळत नाय बाय,” ती म्हणाली.

“मला डॉक्टर वाटतो.”

“असंल. डॉक्टरच असंल.”

जाहिरात लागली. साबणाचा फेस पडदाभर पसरला. जना त्याच्याकडे बघत बसली आणि तिला जाणवलं, की हे खोटं कोंबडीवाल्या खोट्यापेक्षा फारच सोपं गेलं. आपण सुधारलो की बिघडलो, हे तिला काही केल्या ठरवता येईना, आणि ज्याला ते हळूच विचारावं तो माणूस त्या पडवीत नव्हता.